बुधवारची गैरहजेरी

भक्ती रोज शाळेत जात असे. बुधवारीही तिची आई तिचे केस विंचरून, डबा भरून, कानामागे श्रवणयंत्र बसवून तिला पाठवत असे. शाळेत मात्र ती दर बुधवारी गैरहजर असे.

या दोन गोष्टींची गाठ पडली ती एका गुरुवारी, मालवणपासून थोड्या आत असलेल्या वाडीतल्या एका घरापुढच्या खळ्यात. भक्तीची आई सुगंधा कोकमे फोडत बसली होती. तालुक्यातल्या शाळांमधून फिरणारी विशेष शिक्षिका अक्षया स्कूटर लावून आत आली आणि पाणीसुद्धा न घेता मुद्द्यावर आली.

"तालुक्याच्या केंद्रात एक जागा रिकामी होतेय. बोलायला शिकवायचे स्वतंत्र तास असतात तिथे. मी भक्तीचं नाव सुचवलंय. पण मूल नियमित येईल का, असं ते विचारणार. मी काय सांगू?"

"येईल की. रोज शाळेत जाते. तिचे आजोबा स्वतः पोचवतात तिला."

"माझा वार बुधवार. बुधवारी ती नसतेच."

सुगंधाच्या हातातले कोकम तसेच राहिले.

"ती सात वर्षांची झालीय," अक्षया म्हणाली. "भाषा शिकायचंही एक वय असतं, वहिनी. ते नंतर परत मिळत नाही."

ती गेल्यावर सुगंधाला काही सुचेना. कोकमे अर्धी टाकून ती उठली, आत गेली, पुन्हा बाहेर आली. बाई खोटे बोलत असेल? तिला त्यात काय मिळणार? पोर शाळेतून पळत असेल? मग घरी वेळेवर कशी येते? भक्तीला विचारावे, तर तिच्याजवळ मोजके शब्द होते: आई, पाणी, माऊ. 'बुधवार' आणि 'कुठे' यांसाठी तिच्याजवळ खूणही नव्हती. स्वतःबाबतीत काय घडले ते सांगता न येणाऱ्या मुलाला कुणीही कुठेही नेऊ शकतो, हा विचार सुगंधाच्या मनात आला आणि तिने तो झटकून टाकला. पोचवणारे दुसरे कुणी नव्हते, तिचे सासरे दाजी होते. नातीच्या ताटातल्या माशाचे काटे आजही तेच काढून देत.

संध्याकाळी तिने धुण्याच्या बादलीतून आदल्या दिवशीचा फ्रॉक काढला. पुढच्या घेरावर तपकिरी डाग होते. बोंडूच्या, काजूच्या फळाच्या, रसाचे डाग साबणाने जात नाहीत, हे काजूच्या मुलखातल्या बाईला सांगावे लागत नाही. शाळेच्या आवारात काजूचे झाड नव्हते. दाजींची बाग मात्र शाळेच्या वाटेवरच, उजवीकडे चढावर होती.

एका फ्रॉकवरून माणसाला दोषी ठरवणे तिला पटेना. ती पुढच्या बुधवारची वाट पाहत राहिली. मुंबईहून नवऱ्याचा, सिद्धेशचा, फोन आला तेव्हाही ती काही बोलली नाही. ताकात दोनदा मीठ पडले. नणंद समीक्षा हसून म्हणाली, "वयनी, लगीन माझा जमता हा आणि ध्यान तुझा खंय?" रेडी गावातल्या एका घरी समीक्षाच्या लग्नाची बोलणी चालू होती. मुलगा बंदरावर नोकरीला होता. सुगंधा हसली नाही.

बुधवारी दाजी नातीचा हात धरून निघाले. थोड्या वेळाने सुगंधा शाळेत डोकावली. ओसरीत अक्षया आरसा आणि चित्रांचे पत्ते मांडून बसली होती. समोरची जागा रिकामी होती. सुगंधा तशीच मागे वळली आणि चढ चढून बागेत गेली.

मांगराच्या, म्हणजे बागेतल्या झोपडीच्या, सावलीत भक्ती पाठमोरी बसून बोंडूंच्या बिया पिळून काढत होती. सुगंधाने तिला हाक मारली. तिने वळून पाहिले नाही. दाजींनी पाहिले.

"तू हयसर कित्याक इलंस गो?"

"शाळेत जावन इलंय. चेडू थयसर नाय."

"सावलेत बसवलंय तिका. खावक घातलंय. काय एक त्रास नाय."

"यंत्र खंय तिचा?"

दाजींनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. "बोंडवाचो रस लागात म्हणान काढून ठेवलंय. म्हाग वस्तू ती."

"बाबा, दर बुधवारी?"

दाजी ढिगातले काजू टोपलीत भरू लागले. मग म्हणाले, "ती बाई हिका ओसरीत घेवन बसता. आरशात तोंड दाखयता, हातवारे करता. रस्त्यान जाणारो बघता. शाळेत जेवाण करता ती बाई रेडीवाल्यांची नातलग. तेंनी इचारल्यानी, घरात कोणाक काय व्यंग आसा? मी नाय म्हणान सांगलंय."

"आणि बाकीच्या दिवसांनी?"

"बाकीचे दिवस ती गप कोपऱ्यात बसता. केसांत यंत्र झाकता. कोणाक काय कळना नाय." त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. काळजीच होती. "समीक्षेचा लगीन होवंदे. मगे शिकव खुशाल."

"आणि लगीन झाल्यार तेंका कळला तर? समीक्षाक माघारी धाडतले म्हणान परत लपवतलास. मगे तिच्या पोरांसाठी. ह्या चेडवान बोलूचा कधी?"

भक्ती लहान असताना मोठ्या तापात तिचे ऐकणे गेले होते. वंशाचा त्यात संबंध नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. हे वाक्य सुगंधाच्या ओठांवर आले. ते ऐकून दाजींना धीर आला असता आणि रेडीलाही तसेच कळवता आले असते. पण मग जे मूल जन्मतःच बहिरे असते, त्याला लपवणे योग्य ठरले असते. ती ते बोलली नाही. तिने पुरचुंडी सोडली, यंत्र मुलीच्या कानामागे बसवले, तिचे केस वर घेऊन घट्ट बांधले आणि उघड्या कानांनिशी तिला रस्त्यावर आणले.

"सुगंधा, ऐक माझा!" दाजी मागून म्हणाले. ती थांबली नाही.

शाळेच्या स्वयंपाकघराच्या दारात भाताचे पातेले उतरवणारी बाई थबकली. "ह्या काय गो चेडवाच्या कानात?"

"ऐकूचा यंत्र. आमच्या भक्तीक ऐकाक येना नाय." सुगंधाचा आवाज चढा होता. "रेडीक फोन करशीत तर ह्या पयला सांग."

अक्षयाने काही न विचारता आरसा पुढे सरकवला.

रेडीचा निरोप आला: पत्रिका जुळत नाही. ती आधी जुळली होती. दाजी जेवायला बसत, पण सुनेशी बोलत नसत. समीक्षा सुगंधावर चिडली, आणि तिचे चिडणे रास्त होते. "बाबांनी माका इचारल्यानी नाय, आणि तूवय इचारलंस नाय. दोघांनी माझ्याच नावान केल्यात." त्यानंतरच्या बुधवारी मात्र समीक्षा स्वतः भक्तीला शाळेत सोडून आली. वाटेत कोणी काय विचारले, ते तिने घरी सांगितले नाही.

केंद्रातला निर्णय व्हायचा होता. अक्षया पुन्हा घरी आली. दाजी पडवीत पेपर धरून बसले होते.

"मुलगी इतक्या वेळा का आली नाही, असं तिथे नक्की विचारतील," अक्षया हलक्या आवाजात म्हणाली. "आजारी होती म्हणून सांगू? कुणी खोलात जाणार नाही."

"नको," सुगंधा म्हणाली. दाजींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, सरकारी कचेरीत बोलावे तशा शुद्ध मराठीत ती म्हणाली, "ती आजारी नव्हती. तिने शिकायला आमच्या घरात कुणाचीच हरकत नव्हती. शिकताना ती लोकांना दिसू नये, एवढीच आमची इच्छा होती. घरातल्या दुसऱ्या मुलीचं लग्न मोडेल म्हणून आम्ही तिला लपवत होतो."