गव्हाणची हजेरी

पनवेलच्या मिठागर संघाची कचेरी दिवाळीला कायमची बंद होणार होती. जुने कागद कापडात बांधून माळ्यावर ठेवलेले. अशा दीडशे रुमालांपैकी यादी करून अलिबागच्या जिल्हा कचेरीत पाठवायला वेळ फक्त साठांपुरता. बाकीचे गोदामात, वाळवीच्या हवाली. साठ कोणते, हे जुना कारकून काशिरामने ठरवायचं होतं.

त्याने एक रुमाल सोडला आणि तसाच बसून राहिला. गव्हाणच्या मिठागराची हजेरी, सन १९४८. अक्षर त्याचंच.

तेव्हा माघात उजाडायच्या आत बायका बांधावर रांग लावायच्या. डोक्यावर चुंबळ, टाचांना भेगा. एकेक आपलं नाव सांगायची, काशिराम लिहायचा. जनी, भामा, सोनाबाई. मग वेणू यायची. हसत गप्प उभी राहायची. चार माणसांत बायकोचं नाव कसं घ्यायचं, कसं लिहायचं? तो खाली मान घालून लिहायचा, "घरची".

वाटेत ती विचारायची, "माजं नाव नीट लिवलं ना?"

"लिवलं."

तिला वाचता येत नव्हतं. वेणू जाऊन आता आठ महिने झाले होते.

त्याने हजेरी अलिबागला जाणाऱ्या ढिगात ठेवली. हेडक्लार्क वहाबभाई बघतच होते.

"काशिराम, नकाशे मागे आणि हजेरी पुढे? ही बघायला कोण येणार, बाबा?"

"नकाशांची प्रत मामलेदाराकडे हाय. हिची कुठंच नाय. ह्या बायकांची नावं दुसऱ्या कुठल्या कागदावर नायत."

"खरं बोल. वहिनींसाठी करतोयस."

"तिचं तर नावच नाय हिच्यात." काशिरामने पान अकरा पुढे केलं.

वहाबभाई हसले. "वा रे मर्दा! सगळ्या गावच्या बायका लिहिल्यास आणि आपलीच राहिली?" मग त्याचा चेहरा बघून त्यांनी टाक पुढे केला. "घे. आता लिही."

"जुन्या पानाला हात लावायचा नाय. तुमीच शिकवलंत."

त्याने नव्या यादीचा कागद ओढला आणि शेऱ्याच्या रकान्यात सावकाश लिहिलं. वहाबभाईंनी वाचायला हात पुढे केला, पण काशिरामने कागद दिला नाही. स्वतःच मोठ्याने वाचला.

"पान अकरा. 'घरची' म्हणून मांडलेली बाई म्हणजे वेणू काशिराम मोकल. हजेरी मांडणाऱ्याने लाजेपायी नाव लिहिले नाही."