पडेगावचे साठ ड्रम

मी सॉफ्टवेअर लिहिते आणि सॉफ्टवेअरबद्दल माझी मतं ठाम आहेत. इतकी ठाम, की घरात जेवताना कुणी तो विषय काढत नाही. मोठ्या इंटरनेट कंपन्यांचं मला मनापासून कौतुक आहे. ज्यांनी ज्याच्या त्याच्या खिशात जगाचा नकाशा नेऊन ठेवला, त्यांना मी कधीही हात जोडीन. पण तीच मंडळी दर तीन महिन्यांनी बटणाची जागा का बदलतात, हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. माझ्या मते चांगलं सॉफ्टवेअर ते, जे वापरणारा विसरून जातो. पिशोरच्या एका वजनकाट्यासाठी मी २००४ मध्ये लिहिलेला प्रोग्रॅम बारा वर्षं चालू होता आणि काट्यावरच्या माणसाला माझं नावसुद्धा माहीत नव्हतं. ह्याचा मला भलताच गर्व होता. तो २०१६ च्या एप्रिलमध्ये उतरला.

तेव्हा आमच्या शहराचं नाव औरंगाबाद होतं. जायकवाडीतला मृतसाठा उपसायची वेळ आली होती आणि इकडे पडेगावच्या बाजूला प्लॉट पाडणं काही थांबत नव्हतं. नळ मागाहून येतील, म्हणून लोक घरं बांधून राहायलाही आले होते. तिथल्या एका गल्लीत साठ घरं होती. एका संस्थेचा बारा हजार लिटरचा टँकर तिथे दर तिसऱ्या दिवशी यायचा आणि घरटी दोनशे लिटरचा एक ड्रम भरून द्यायचा. किती वाजता येईल त्याचा नेम नसे. म्हणून बायका आदल्या संध्याकाळीच रस्त्याकडेला ड्रम लावून ठेवायच्या. ड्रमवर ऑइल पेंटनं नाव लिहिलेलं. ड्रम उभा म्हणजे माणूस उभा, असा तिथला कायदा. कुणाचा ड्रम कुणी मागं सरकवला, की दिवसभर भांडण.

युसरा ह्याच गल्लीतली. उस्मानपुऱ्यात माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. त्यात तेव्हा मी, चिन्मय आणि युसरा असे तिघं होतो. टँकरच्या पाळीचं काहीतरी करू या, असं तिनंच सुचवलं. चिन्मयला डोकेदुखीवरही ॲप सुचतं, त्यामुळे त्यानं लगेच ॲपचे रंग निवडायला घेतले. मी त्याला गप्प केलं. म्हटलं, साधा एसएमएस. प्रत्येक घराचा एक मोबाइल नंबर. टँकर निघाला की मेसेज जाणार, दहा मिनिटांत मिस्ड कॉल आला तर पाळी पक्की, नाहीतर ती पुढच्या घराला.

"मॅडम, लिहिण्याआधी एकदा गल्लीत जाऊन बसू या का?" युसरानं विचारलं होतं.

"अगं, पाणी कसं भरतात ते मला कळतं," मी म्हटलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते माझ्याकडून शिकावं.

संस्थेची एकच अट होती, गल्लीनं होकार द्यावा. तो मिळवला युसराच्या आईनं. मेहरुन्निसाबाई घरी शिलाईचं काम करतात, साठही घरांतले ब्लाउज आणि कुर्ते त्यांच्याच हातचे. त्या दारोदार फिरल्या आणि प्रत्येकीला म्हणाल्या, "ड्रम उचला रस्त्यावरून. माझ्या मुलीचं काम आहे. पाणी नाही भेटलं तर मला विचारा." त्यांच्या शब्दावर साठही ड्रम घरी गेले.

पहिल्या दिवशी मी ऑफिसात चहा पीत कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे बघत बसले होते. सदतीस घरं हिरवी झाली, तेवीस लालच राहिली. लोक आळशी असतात, असा निष्कर्ष मी काढला. तेवढ्यात युसराचा फोन वाजला आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

आम्ही रिक्षानं पडेगावला पोचलो, तर मेहरुन्निसाबाईंच्या दारासमोर तेवीस रिकामे ड्रम ओळीनं उभे होते. आरडाओरडा नाही, काही नाही. पहिल्या ड्रमला टेकून गल्लीतली भामाबाई उभी होती.

"माझे मालक वाळूजला कंपनीत हायती मॅडम," ती म्हणाली. "तिथं फोन गेटवर जमा करून घेतेत. तुमचा मिसकॉल कोन देनार, वॉचमन? टँकर डोळ्यासमोर उभा, अन् टँकरवाला अप्पाराव म्हन्तो यादीतून तुमची पाळी गेली. ड्रम रस्त्याला व्हता तव्हा पानी भेटत व्हतं. भाभीनं शब्द दिला म्हून उचलला. आता ह्यो ड्रम हितंच ऱ्हाईल."

आम्ही चौदा फोनवर चाचणी घेतली होती आणि चौदाही फोन आमच्याच हातात होते.

आत शिलाई मशिन बंद होती. मेहरुन्निसाबाईंनी मला पाणी दिलं, त्या दिवशीही. "सात साल हुए इस गल्ली में," त्या म्हणाल्या. "किसीने दरवाजे पे आके आवाज नै चढ़ाई. आज भी नै चढ़ाई, येइच बुरा लगरा." पुढचा टँकर गुरुवारी होता. तेव्हाही फसलं, तर त्या साठ घरी जाऊन माफी मागणार होत्या. मुलीच्या नव्हे, माझ्या चुकीची माफी.

ऑफिसात येऊन मी तोडगे काढायला बसले. घरटी दोन नंबर घ्यावेत. मिस्ड कॉलला दहाऐवजी वीस मिनिटं द्यावीत. चिन्मय म्हणाला, ॲपमध्ये भोंगा बसवू. युसरानं दोन दिवसांची रजा मागितली आणि लॅपटॉप टेबलावर ठेवून निघून गेली.

बुधवारी दुपारी ती परत आली ती वहीचा एक कागद घेऊन.

"मॅडम, फोन माणसाबरोबर जातो. ड्रम कुठं जात नाही. पाळी ड्रमला देऊ."

गल्लीतला एकेक ड्रम पाहून तिनं त्याला क्रमांक दिला होता आणि तो पेंटनं नावाखाली लिहिला होता. गल्ली सोडून कधीच न जाणारे तीन फोन तिनं शोधले होते. एक पिठाच्या गिरणीतला, एक किराणा दुकानातला, एक अंगणवाडीच्या आशाबाईंचा. मेसेज त्या तिघांनाच जाणार, ते हाका मारणार. मिस्ड कॉल नाही, दहा मिनिटं नाहीत. घरात कुणी नसेल तर शेजारीण ड्रम ढकलत आणेल. तशीही ती आणतच होती, ते मी विचारलंच नव्हतं.

मला आधी राग आला. मग लाज वाटली. आणि मग इतका आनंद झाला, की मी चिन्मयला मिठाई आणायला पिटाळलं. तिच्या कागदाप्रमाणे मी लिहिलेल्या सहाशे ओळींपैकी जेमतेम ऐंशीच ठेवायच्या होत्या. चोवीस वर्षांत मी हुशार माणसं खूप पाहिली, मोठ्या कंपन्यांत गेलेलीही पाहिली. पण काय काय लिहायचं नाही हे इतक्या स्वच्छपणे कळलेली ही एकच. तसं मी तिला तोंडावर सांगितलं. ती लाजली आणि म्हणाली, "उद्या टँकर येऊन जाऊ द्या, मॅडम."

गुरुवारी मी सकाळपासून गल्लीतच होते. अकराला गिरणीवाल्यानं पहिली हाक दिली. मेहरुन्निसाबाई दाराबाहेर आल्या नाहीत, दाराच्या पडद्याआड उभ्या राहिल्या. अप्पाराव टँकरच्या पायरीवर बसून फोनवरच्या यादीतले ड्रमचे क्रमांक वाचू लागले. दारासमोरचे ड्रम एकेक करत घरंगळत निघाले. एका घराला कुलूप होतं, त्यांचा ड्रम दोघींनी मिळून आणला. एक वाजायच्या आत साठावा ड्रम भरला आणि टँकर खडखडीत रिकामा झाला. एकही भांडण नाही.

भामाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि पडद्याकडे बघून विचारलं, "भाभी, तुमचा ड्रम कुठाय?"

युसरानं खालमानेनं सांगितलं. घरांऐवजी ड्रम मोजले तेव्हा ते एकसष्ट निघाले. गिरणीमागच्या खोलीत एक बाळंतीण भाड्यानं राहायला आली होती, ती आमच्या पहिल्या यादीतच नव्हती. टँकर साठांचाच. अम्मीनं सांगितलं, आपला काढ, तिचा घाल.

मी तिथेच ओट्यावर लॅपटॉप उघडला आणि एकसष्टावा क्रमांक टाकला. स्क्रीनवर लाल अक्षरं आली, 'क्षमता पूर्ण. नवीन नोंद होणार नाही.' वाक्य माझंच होतं, युसरानं ठेवलेल्या ऐंशी ओळींतलं. ते कुठे लिहिलंय ते मी शोधू लागले.

तेवढ्यात भामाबाई आत शिरली आणि मेहरुन्निसाबाईंचा ड्रम फरफटत बाहेर घेऊन आली. स्वतःच्या ड्रममधून एक कळशी काढून तिनं त्यात ओतली. मग शेजारणीनं ओतली. मग कुणी तांब्या, कुणी बादली घेऊन आलं. ती बाळंतीणसुद्धा लोटाभर पाणी घेऊन आली. मला ती ओळ सापडेपर्यंत ड्रम काठोकाठ भरला होता, आणि मेहरुन्निसाबाई त्याच्याजवळ उभ्या राहून ढसाढसा रडत होत्या.

"बास करा आता भाभी," भामाबाई म्हणाली. "ड्रमात थेंबाला जागा नाय."

मी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि झाकण लावायला हात दिला.