गुंडाळलेली वायर

मी एक जुना अँटेना आहे, मित्रांनो. घराच्या छपरावर असतो तसला नव्हे. सळ्यांचे दोन पिंजरे तोंडाला तोंड लावून एका दांड्यावर बसवले, की झालो मी. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मला खात्री नाही. तरी सांगतो.

शिरूरजवळ कारखान्यांच्या वस्तीत एक प्रयोगशाळा आहे. तिथल्या एका बंद खोलीत माझी उमेदीची वर्षं गेली. खोली लोखंडी पत्र्याची, आतून भिंतींना टोकदार निळा फोम लावलेला. जाड दार लागलं की बाहेरची कुठलीही लाट आत येत नाही, ना मोबाईलची, ना रेडिओची. विजेवर चालणारी वस्तू आपलं काम करता करता काही नको त्या लाटाही हवेत सोडते. त्या फार झाल्या तर शेजारचा रेडिओ खरखरतो. म्हणून विकायच्या आधी ती वस्तू माझ्यासमोरच्या फिरत्या टेबलावर ठेवतात. मी लाटा टिपतो आणि बाहेरच्या पडद्यावर रेघ उमटते. ती आखलेल्या लाल रेघेखाली राहिली तर वस्तू पास, वर गेली तर नापास.

मिक्सर आले, चार्जर आले, पंपांचे स्टार्टर आले. पास झालेल्यांनी पेढे वाटले. नापास झालेले डोकं धरून बसले. मला दोन्हीचं काही वाटलं नाही. इथल्या इंजिनिअर रुपालीताई नव्या मुलांना माझ्यासमोर उभं करून म्हणायच्या, "ह्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा." कौतुकच होतं ते. मी ऐकून घेतलं.

एकदा दौंडचा सतीश आला. स्टेशनमागे त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने बिबट्याला बुजवणारा, उघडझाप करणारा दिवा बनवला होता. दिव्यात बॅटरी, आणि ती भरायला लांब वायरीच्या टोकाला सोलरची प्लेट. रुपालीताईंनी दिवा टेबलावर ठेवला, जास्तीची वायर नीट गुंडाळून बांधली, दार लावलं. नियमाला ते चालत होतं. मी जे ऐकलं ते सांगितलं. रेघ खालीच राहिली. सतीशने सगळ्यांना पेढे दिले.

पावसाळा सरला आणि तो पुन्हा आला. बरोबर वडगाव रासाईच्या साखरबाई होत्या. काखेत दिवा, पिशवीत जुना रेडिओ.

साखरबाई आत आल्या आणि भिंतींकडे बघत राहिल्या. "ही काय भिंतीला निळी कणसं लावल्यात? आन् ह्यो खुराडा कशाचा?"

"मावशी, खुराडा नाही. महागाचा अँटेना आहे तो," सतीश म्हणाला.

"मंग एखादी कोंबडी तरी ठेवायची."

कुणी हसलं नाही. त्याही हसल्या नव्हत्या.

"बाई," त्या रुपालीताईंना म्हणाल्या, "आमच्या मेंढरांच्या वाड्याला ह्याचा दिवा हाय. वाड्यावर रेडिओ बी लावून ठेवतो आम्ही. माणसाचं बोलणं ऐकलं की बिबट्या बिचकतो, म्हंत्यात. पर ह्यो दिवा लावला की रेडिओ नुस्ता खरखरतोय. मालक कावले आन् बंदच करून टाकला त्यांनी. त्याच टायमाला बिबट्या आला. कोकरू सोडवाया गेले, हात गावला त्यांचा बिबट्याच्या तोंडात. आता चटका बसला तरी त्या बोटांना कळत न्हाई."

हे सगळं त्यांनी बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

"रेडिओ बोलत असता तर आला नसता का?" रुपालीताईंनी विचारलं.

"त्ये कुणाला ठाऊक, बाई."

सतीश खाली बघत म्हणाला, "मॅडम, दिवा तुमच्याकडूनच पास झालाय. तुम्हीच मावशींना दाखवा."

साखरबाईंनी पिशवीतला रेडिओ लावून बघितला. दार बंद होतं. खरखरीखेरीज काही येईना. "आता दिवा बी लावला न्हाई, तरी ह्यो मेला?"

रुपालीताईंनी खोलीचं कारण सांगितलं. मग पुन्हा वायर गुंडाळून दिवा तपासला. पहिल्यासारखाच, पास. साखरबाई पडद्याकडे बघून नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांनी भांडण केलं नाही.

रुपालीताईंनी आत येऊन वायरीची गुंडाळी हातात घेतली. मग म्हणाल्या, "मावशी, वाड्यावर कसा बांधता, तसाच इथं बांधा."

साखरबाईंनी वायरीची गाठ सोडली. दिवा या टोकाला, प्लेट त्या टोकाला, मधे वायर पार ताणलेली, जशी त्या रोज मेंढरांच्या जाळ्यावरून नेत. गुंडाळली तेव्हा जी वायर मुकी होती, ती ताणल्यावर माझ्यासारखाच अँटेना झाली होती. दिव्याचा सगळा गोंगाट ती हवेत फेकत होती. मी ऐकलं ते सांगितलं. रेघ लाल रेघेच्या कितीतरी वर गेली.

"नियमात गुंडाळलेली चालते ना, मॅडम?" सतीशचा आवाज बारीक झाला. "आता ऊसतोड लागेल. ऊस पडला की बिबटे उघड्यावर येतात. दिवे माघारी घेतले, तर लोकांनी काय करायचं?"

"दिवा नको म्हणाया मी आले न्हाई, लेका," साखरबाई म्हणाल्या. "दिवा बी पायजे, रेडिओ बी पायजे."

रुपालीताईंनी मागचा निकाल रद्द केला. सतीशने दिवा उचलला आणि निघून गेला. पेढ्यांचा रिकामा पुडा अजून बाहेरच्या खोलीच्या खिडकीत होता.

तो परत आला तेव्हा ऊसतोड लागायची होती. गोंगाट अडवायला दिव्याच्या आत एक छोटा भाग वाढवला होता, वायरीला दिव्यापाशी काळं कडं बसवलं होतं. साखरबाई आल्या होत्या आणि त्यांचे मालक ज्योतिबाही. हाताला पांढरं फडकं. वायर ताणून चाचणी झाली. पास. पण रुपालीताई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. दिवा, वायर, रेडिओ, सगळं त्यांनी अंगणात मांडून सुरू करायला लावलं आणि माझं जाड दार उघडं ठेवलं.

एवढ्या वर्षांत मी चालू असताना ते दार कधी उघडं नव्हतं. बाहेरच्या लाटा आत शिरल्या. पडद्यावर रेडिओ केंद्रांचे उंच सुळके उभे राहिले. दिव्याचा गोंगाट जिथे असायचा, तिथे सपाट होतं. अंगणात रेडिओवर कुणीतरी कांद्याचे भाव सांगत होतं, अगदी स्वच्छ.

"बोलतोय की," ज्योतिबा म्हणाले. त्यांनी त्या हाताने आवाज वाढवायला बघितला. बोटं बटणावरून घसरली. साखरबाईंनी पुढे होऊन बटण फिरवलं.

मला आनंद झाला का, ठाऊक नाही. रेघ होती तशी मी सांगितली.

आता नवा अँटेना आला आहे. मला मागच्या खोलीत फळीवर ठेवलं आहे. एक सळी वाकली आहे, अंगावर धूळ आहे. वाईट वाटतं असं म्हणवत नाही. पण मित्रांनो, एक मागणं आहे. कुठलीही वस्तू पारखायची असेल, तर ती माणसाच्या घरी जशी नांदते तशीच मांडून पारखा. आणि कधी या फळीपाशी आलात, तर बघा, कुणीतरी माझ्या सळ्यांना वायरीचं एक वेटोळं अडकवून ठेवलं आहे, अगदी नीट गुंडाळलेलं. तेवढं उलगडून ठेवा.