पाण्यात न विरघळणारं

...काचपट्टीवरचा तो फिकट ठिपका. लेयिराने भिंग किंचित फिरवलं, तसा तो जास्तच स्पष्ट झाला, शेजारच्या निरोगी पेशींना रेटत पसरलेला. बोईट माशाच्या यकृताचा पातळ काप. चाळीस माशांपैकी अकरांमध्ये गाठी. आणि मासे कुठले ते बरणीवर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. तिच्या गावची खाडी. ती दहा वर्षांची असताना तिथे तेलाची नळवाहिनी फुटली होती, अजूनही ओहोटीला चिखलावर रंगीत तवंग दिसतो...

तेल सरळ मारत नाही, हेच तिला छळत होतं. त्यातली काही द्रव्यं पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून शरीराला ती टाकता येत नाहीत. मग यकृत त्यांना विरघळण्याजोगं रूप द्यायला बसतं, प्राणवायू जोडतं—आणि त्या अर्ध्यामुर्ध्या रूपातच ती चवताळतात, पेशीच्या गाभ्यात शिरून डीएनएला चिकटतात. पुढची प्रत चुकते. कधी त्यापुढचीही... माशाचं यकृत जे करतं तेच माणसाचं. बाबा शेवटी शेवटी किती पिवळे पडले होते—नको. ते आत्ता नको.

दुपारी पोर्ट हारकोर्ट शहरातून बस पकडून ती गावी आली. आज सांगायचंच, असं वाटभर घोकत. आई छपराखाली धुरावरचे मासे उलटत होती.

"काय ही दशा! शहरात उपाशी ठेवतात की काय?" म्हणत तिने उकडलेली केळी आणि माशाचं तिखट कालवण पुढे ठेवलं. स्वतःचंही वाढून घेतलं.

"आई, खाडीतला मासा खाऊ नकोस. विकूही नकोस."

"मग काय खाऊ? तुझे कागद?" आई हसली. "तीन पाण्यांनी धुते मी. तेलाचा वासही राहत नाही."

"धुऊन जात नाही ते. आत असतं." आणि मग लेयिरा सांगत सुटली, अडखळत, प्रयोगशाळेतले शब्द गाळत—यकृत कसं ते बाहेर टाकायला बघतं, आणि टाकता टाकताच त्याचं विष कसं होतं...

आईचा हात थांबला.

"म्हणजे जीव वाचवायलाच धडपडतं ते?"

"हो."

"तुझ्या बाबांचंही असंच झालं?"

"माहीत नाही, आई. एका माणसाबद्दल असं सांगता येत नाही." हे खरंच होतं, तरी खोटं बोलल्यासारखं वाटलं.

आईने लेयिरापुढचं कालवण उचललं, आपल्या ताटलीत ओतलं. "तू नुसती केळी खा," म्हणाली, आणि जेवू लागली.

लेयिराने तिला अडवायला हात पुढे केला नाही. इतके दिवस भीती होती, आईला समजणार नाही याची... आता आई सावकाश काटे काढत होती, आणि लेयिराला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटत होतं—आपल्या ताटातला मासा गेला म्हणून. त्या सुटकेचीच तिला भीती वाटायला लागली.