दोनशे खुर्च्या आणि एक वाईट बातमी

मालकांचा आवाज असा, की ते वरच्या मजल्यावर नुसते खोकले तरी खाली सुतारांचे रंधे थांबत. वाईट बातमी घेऊन जिना चढणाऱ्याची धडगत नसे. करवतीचा पट्टा तुटल्याचं सांगायला गेलेला रंगारी पंधरा दिवस घरी बसून आला, आणि पट्टा काही त्याने तोडला नव्हता! तेव्हापासून खुर्च्यांच्या या कारखान्यात सगळं कसं झकास चाललं होतं. म्हणजे वर तरी तसंच कळत होतं.

आज मात्र मिस्त्रींच्या गळ्याशी आलं. दवाखान्याच्या दोनशे खुर्च्या दुपारी गाडीत चढणार आणि नव्या पिंपातला गोंद तर धरतच नव्हता. सकाळी त्यांनी सहज एक खुर्ची उचलली, तर पाय तेवढा हातात आला, खुर्ची जागच्या जागी. उद्या हिच्यावर एखादी पोटुशी बाई टेकली म्हणजे?

पॉलिशवाल्या ताईंनी हे सोमवारीच सांगितलं होतं. तेव्हा मिस्त्री काय म्हणाले? "तुमचं काम घासायचं, ते घासा! जास्त शहाणपणा नको." सूर थेट मालकांचा, कमरेवरच्या हातांसकट. आठवून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. बायको परवा म्हणालीच होती, "घरात येताना मालकांना बाहेर सोडून येत जा."

"काका, रिटायर व्हायला आठ महिने राहिलेत," मॅनेजर कुजबुजला. "एकदा गाडी गेली की सुटलो आपण. कशाला विकतचं दुखणं?"

मिस्त्री जीव मुठीत धरून जिना चढले आणि एका दमात सगळं सांगून मोकळे झाले.

मालक गरजतच खाली आले. "गाडी दारात लागल्यावर सांगता? इतक्या दिवसांत एकाच्याही लक्षात आलं नाही?"

सगळे आपापल्या चपला न्याहाळू लागले. 'नाही' म्हणून टाकावं, असं मिस्त्रींना फार वाटलं. निदान नोकरी तरी वाचली असती.

"आलं होतं. या ताईंच्या, सोमवारीच. मीच त्यांना गप्प बसवलं. मला तुमच्याकडे यायची भीती वाटत होती."

"भीती? मी काय वाघ आहे?" म्हणत मालक रागाने जवळच्या खुर्चीत धपकन बसले.

चार पाय चार दिशांना गेले आणि मालक फरशीवर आले. कुणी हसेना, कुणी श्वास घेईना. शेवटी ताईंनाच हसू आवरेना, त्या तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या.

"मी बसतोय हे वीस जणांना दिसत होतं," मालक म्हणाले. आवाज पार खाली आला होता. "एकानेही थांबवलं नाही मला."

त्यांनी खुर्चीचा एक सुटा पाय उचलून उलटसुलट पाहिला.

"गाडी परत पाठवा." मग पाय बाजूला ठेवत, "आणखी काय काय आहे, जे मला माहीत नाही?"

मिस्त्रींनी मॅनेजरकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, आणि मालकांशेजारी फरशीवरच मांडी घातली.

"उठू नका, मालक," ते म्हणाले. "वेळ लागेल."