दहा अंश हातचे राखून

मित्रांनो, मी एक जुना लिक्विड कूलर आहे. नाव ऐकून बिचकू नका, काम अगदी साधं आहे. संगणकाच्या पोटात प्रोसेसर नावाची एक चौकोनी चिप असते. सगळी आकडेमोड तीच करते आणि करता करता तापते. शंभर अंशांना टेकली की आधी हळू होते आणि मग जिवाच्या भीतीने अख्खा संगणकच बंद करते. तिला शंभराच्या अलीकडे रोखून धरायचं, हे माझं काम.

तांब्याचा एक गुळगुळीत तळ, त्यावर चिमुकला पंप, दोन काळ्या नळ्या, पातळ पत्र्यांच्या जाळीचा रेडिएटर आणि त्याला लावलेले दोन पंखे, एवढाच माझा संसार. माझ्यातलं पाणी चिपेची उष्णता उचलतं आणि जाळीत नेऊन टाकतं. पंखे समोरची हवा ओढून जाळीतून फुंकतात, पाणी निवतं आणि पुन्हा कामाला येतं. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. मी हवा गार करत नाही. मला जशी हवा मिळेल, तिच्यापेक्षा चिप किती अंश जास्त राहील, एवढंच माझ्या हातात असतं.

कारखान्यात माझ्या नळ्यांत हवा भरून मी गळतो का ते पाहिलं, मग मला खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते एका संगणकाच्या दुकानात. दुकान मामा-भाच्याचं. मामांना सगळे थांबामामा म्हणत, कारण कोणी काही विचारलं की त्यांचा पहिला शब्द "थांबा" हाच असे. त्यांच्याकडे कूलर जोखायची एक लांबट वही होती. तीत चार रकाने: वेळ, खोलीची हवा, प्रोसेसर आणि दोघांमधला फरक. माझ्यातलं पाणी पुरतं तापायला अर्धा तास लागतो, तोवर मामा निकाल देत नसत. शिवाय कितीही गरम दिवस असला तरी चिप नव्वदच्या खाली राहिली पाहिजे, असा त्यांचा नियम होता. "दहा अंश हातचे राहिले, तरच तो कूलर पुरेसा," असं ते म्हणत. भाचा हुशार होता, पण त्याच्या पायाला भिंगरी.

दुकानातून मी गेलो एका ताईकडे. ती कृत्रिम पाय बनवायची. पायाचा उरलेला भाग ज्या वाटीत बसतो, ती वाटी नीट बेतणं हेच त्यातलं खरं कसब. चुकीच्या जागी दाब आला तर माणूस चार पावलंही टाकू शकत नाही. ताई त्या पायाचं सगळीकडून मोजमाप घेई आणि दाब कुठे किती पडेल याचं गणित संगणकाला घाली. ते गणित चाळीस मिनिटं चाले आणि तेवढा वेळ चिप नुसती फणफणत असे. चार महिने मी तिला बिनतक्रार सांभाळलं. "कूलर घेतलास तो चांगला घेतलास," असं ताईचे वडीलही म्हणाले. मी फुशारलो, खोटं कशाला सांगू?

मग एका शनिवारी सकाळी घाईबाई आली. हे नाव तिला ताईनेच ठेवलेलं. वय वर्षं नऊ, एक पाय गुडघ्याखाली नाही. ती उंच झाली होती आणि जुनी वाटी तिला करकचून बोचत होती, म्हणून पुन्हा कुबड्या आल्या होत्या. सोमवारी शाळा उघडणार होती. फाटकापासून आपल्या बाकापर्यंत आपण चालत जाणार, असं तिने वर्गातल्या सगळ्यांना सुट्टीआधीच सांगून टाकलं होतं.

"झालं का?" तिने दुसऱ्याच मिनिटाला विचारलं.

"अगं, आत्ता तर सुरू केलंय," ताई म्हणाली.

सव्विसाव्या मिनिटाला संगणक बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. भाचा धावत आला. दारातच म्हणाला, "बाप रे, काय उकडतंय इथे!" घाम पुसला, मला सोडवलं आणि दुकानात नेऊन दहा मिनिटं चालवलं. अडुसष्ट. "ठणठणीत आहे," म्हणत त्याने मला परत आणून बसवलं. मी पुन्हा हरलो. तो पुन्हा मला घेऊन गेला. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा अडुसष्ट. एका दिवसात दोनदा माहेरी जाऊन आलेली सून मी पहिलीच असेन.

चौथ्यांदा संगणक बंद पडल्यावर भाचा वैतागला. "कूलरच फालतू निघाला, ताई. नवा मागवतो, आठ दिवसांत येईल."

घाईबाईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा कुबड्यांकडे. ती रडली नाही. "आठ दिवसांनी काय उपयोग?" एवढंच म्हणाली. मित्रांनो, मला राग आला, तो भाच्याचा नाही, स्वतःचा. मी जीव तोडून पाणी फिरवत होतो आणि तरी पुरा पडत नव्हतो. आपलं काय चुकतंय हेच कळत नसेल, तर माणसाने काय किंवा कूलरने काय, सुधारायचं तरी कसं?

ताईने मामांना फोन केला. मामा आले ते वही आणि लांब तारेचा तापमापक घेऊन. त्यांनी संगणक उघडला नाही. माझे पंखे जिथून हवा ओढतात, तिथे तार टांगली आणि स्टूल ओढून बसले.

"मामा, कूलर तपासायचाय, हवा नाही," भाचा म्हणाला.

"थांब. वहीत खोलीचा रकाना कोरा का सोडलास?"

"त्यात काय लिहायचं? आपल्या दुकानात एसी आहे, हवा गारच असते."

"आणि इथे?"

भाच्याने कॉलर सैल केली. "इथे मी प्रत्येक वेळी घामाघूम झालो."

"म्हणजे तू घामाघूम झालास तर खोली गरम, आणि कूलर तापला तर कूलर फालतू! वा रे वा!"

तापमापकाने चव्वेचाळीस दाखवले. माझ्या कुशीलाच प्लॅस्टिकचे जाड पत्रे मऊ करायची भट्टी होती आणि तिची धग थेट माझ्या तोंडावर येत होती. ताईने कपाळावर हात मारला. "टेबल मीच सरकवलं हो, मागच्या आठवड्यात. एक डोळा भट्टीवर आणि एक पडद्यावर ठेवता येईल म्हणून!" नाचता येईना अंगण वाकडे, अशी म्हण आहे. माझ्या बाबतीत अंगण खरोखरच वाकडं होतं.

सगळ्यांनी मिळून टेबल पॅसेजमध्ये नेलं. तिथली हवा एकतीस अंश. मामांनी वहीत लिहिलं आणि गणित सुरू करायला लावलं. चिप तापू लागली. साठ, सत्तर, ऐंशी. "झालं का?" घाईबाई विचारी आणि मामा म्हणत, "थांब." विसाव्या मिनिटाला शहाऐंशी. मी मनाशी पक्कं ठरवलं होतं, पंप जळाला तरी बेहत्तर, पण या पोरीचं गणित अर्ध्यावर सोडायचं नाही. सव्विसावं मिनिट आलं. ते गेलं. तिसावं गेलं. आकडा सत्त्याऐंशीवर येऊन बसला तो हललाच नाही. चाळिसाव्या मिनिटाला पडद्यावर वाटीचं चित्र उमटलं.

मामांनी चौथ्या रकान्यात छप्पन्न लिहिलं. "हवेपेक्षा छप्पन्न अंश. भट्टीपाशी चव्वेचाळीस आणि छप्पन्न म्हणजे बरोब्बर शंभर. कूलर पुरेसा आहे. त्याला श्वास घ्यायला हवा द्या." मग त्यांनी माझ्या जाळीत बोट फिरवलं आणि पांढरं झालेलं बोट ताईला दाखवलं. पायाचे साचे घडवताना उडणारी ती प्लास्टरची धूळ होती. भाच्याने रंगकामाचा ब्रश आणला आणि मला पत्रा न् पत्रा झाडून काढलं. माझा सारा राग तिथेच निवला.

रविवारभर खपून ताईने वाटी घडवली. सोमवारी दुपारी पॅसेजमध्ये पावलं वाजली. कुबडीची ठकठक नव्हती. "बाकापर्यंत गेले, आणि परतही आले," घाईबाईने ताईला सांगितलं.

त्यानंतर ती दर वर्षी वाढत गेली आणि दर वर्षी तिच्या नव्या वाटीचं गणित माझ्याच भरवशावर झालं. एका वर्षी ब्रश हरवला, चार महिने माझ्याकडे कोणी फिरकलं नाही आणि मी एक्क्याण्णवपर्यंत गेलो. ताईने स्वतःचा कान धरला आणि नवा ब्रश माझ्या शेजारच्या खिळ्यालाच टांगला.

सात वर्षं अशी गेली. नळ्या कितीही घट्ट असल्या तरी आतलं पाणी कणाकणाने उडून जातंच. माझा पंप घरघरू लागला. परवा मामा पुन्हा वही घेऊन आले. तोच पॅसेज, तेच स्टूल, हवा एकतीस. सोळा वर्षांची घाईबाई शेजारी उभी होती, दोन्ही पायांवर. मी माझ्याकडून कसूर केली नाही. अर्ध्या तासाने आकडा सत्त्याण्णवला पोचला.

मामांनी चष्मा काढून पुसला. "आता पुरेसा नाही," ते हळूच म्हणाले.

मला वाईट वाटलं, पण अन्याय वाटला नाही. ज्या मापाने मला एकदा वाचवलं, त्याच मापाने आज मला थांबवलं. मित्रांनो, तुम्हीही कधी कोणाला जोखायला बसाल, यंत्राला, मित्राला किंवा धाकट्या भावंडाला. तेव्हा त्याच्या वाट्याला आलेली हवा आधी मोजा, त्याच्या अंगावरची धूळ झाडा आणि पुरता वेळ थांबा. मग जो निकाल द्यायचा तो खुशाल द्या.

मामा वही मिटणार, तेवढ्यात घाईबाईने त्यांच्या पेनावर हात ठेवला.

"मामा," ती म्हणाली, "अजून दहा मिनिटं थांबू या ना."

मामा थांबले. आकडा सत्त्याण्णवच राहिला. पण त्या दहा मिनिटांत तिने एकदाही "झालं का?" असं विचारलं नाही.