मुंगीने निवडलेली गाडी

मित्रांनो, शोरूमच्या काचेआड मान ताठ करून उभ्या असलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. मी त्यांच्यातली नव्हे. मी एक जुनी व्हॅन आहे. माझे नाक बसके, अंग खोक्यासारखे, आणि माझा रंग पांढरा आहे हे लोकांना सांगावे लागते. पण माझ्या कुशीला एक सरकते दार आहे. त्याविषयी मी जरा बढाई मारणार आहे, तेवढी ऐकून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एका कामगाराने हे दार खाचेत बसवले, मागे ढकलले, पुढे ओढले आणि कान देऊन आवाज ऐकला. त्याचे समाधान होईना. त्याने ते उतरवून पुन्हा बसवले. अखेर दार एका बोटाने सरकू लागले, तेव्हा त्याने माझी पाठ थोपटली.

तिथून मी एका लाँड्रीत गेले. लाँड्रीवाले काका भारी शिस्तीचे होते. हॉटेलांच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, कुणाच्या तरी लग्नाचा सूट, असे काय काय मी घरोघर पोचवले. दोन्ही बाजूंनी गाड्या लागलेल्या गल्लीत इतरांना दार उघडायला जागा नसे. माझे मात्र हां हां म्हणता सरके. गठ्ठे चढवताना कंबर मोडू नये म्हणून माझा तळही बुटका. काका नेमाने दाराची खाच पुसत, तिच्यात तेल सोडत. "हिचं दार म्हणजे माझा तिसरा हात," असे ते गिऱ्हाइकांना सांगत आणि मी मनातल्या मनात फुगून जाई.

पुढे काकांचे गुडघे थकले, लाँड्री बंद झाली आणि मी जुन्या गाड्या दुरुस्त करून विकणाऱ्या एका गॅरेजवाल्या ताईंकडे आले. ताईंनी मोठ्या हौसेने माझ्या पोटात नव्या सीट बसवल्या, चांगले मजबूत पट्टे लावले. "हिला मी घरची गाडी करणार," असे त्या म्हणाल्या खऱ्या, पण त्यांच्यामागे कामाचा डोंगर. मी अंगणातल्या झाडाखाली उभी राहिले ती राहिलेच. खाचेत वाळकी पाने साचली, खडे गेले. गाडी बघायला येणारे लोक माझ्यावरून नजर फिरवून पुढे जात. मला फार वाईट वाटे. कुणाला काही पोचवायचे नसेल तर व्हॅनने करायचे तरी काय?

एके दिवशी सकाळी एक कुटुंब आले. आई, बाबा, आठ वर्षांची मुंगी आणि तिचा धाकटा भाऊ ढब्बू. मुंगीच्या उजव्या पायाला कॅलिपर होता, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या. ती ताईंच्या स्टुलावर जाऊन बसली.

त्यांच्या गाडीशोधाची कहाणी आईने ताईंना सांगितली, ती मीही ऐकली. बाबांनी म्हणे शहरातले एकही शोरूम सोडले नव्हते. डिकी किती खोल, एसी किती गार, कप ठेवायच्या जागा किती, सगळे त्यांना तोंडपाठ. प्रत्येक गाडी त्यांनी मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहिली. मुले मध्ये मध्ये करतात म्हणून त्यांना दर वेळी आत्याकडे ठेवले.

"आणि शेवटी पसंत केलेली गाडी एक दिवस वापरायला घरी आणली," आई म्हणाली. "आमची पार्किंगची जागा दोन खांबांच्या मध्ये. गाडी आत गेली झोकात. दारं काही उघडेनात. हे डिकीतून रांगत बाहेर आले. सगळी बिल्डिंग बघत होती."

"बघत होती असं काही नाही," बाबा पुटपुटले. "दोन-चार जण होते."

ताई हसल्या. आई मात्र हसता हसता थांबली. "मग गाडी रस्त्यावर काढली. सीट इतकी उंच की मुंगीला चढताच येईना. यांनी तिला उचलून आत ठेवलं. खाली तिच्या वर्गातली मुलं खेळत होती."

"मी आता कुठे येणारच नाहीये," मुंगी स्टुलावरून म्हणाली. "तुम्ही जात जा. मी घरी थांबेन."

बाबांनी मान खाली घातली. एवढ्या गाड्या पाहिल्या, पण तिला घेऊन एकही पाहिली नाही, हे आता त्यांच्या ध्यानात आले होते. ताईंनी हातातला पाना खाली ठेवला आणि सरळ माझ्याकडे आल्या.

"ही?" बाबांचा चेहरा पडला. "ही तर चादरी वाहायची गाडी दिसते."

"दार तर बघा आधी," असे म्हणून ताईंनी हिसका दिला. दार हलले नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला, तरी नाही. मित्रांनो, ज्या दाराची मी इतकी बढाई मारली, तेच ऐन वेळी अडून बसले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"दार बिघडलेलं नाही, खाच भरलीय," ताई म्हणाल्या. "माझंच दुर्लक्ष झालं."

"मी साफ करू?" मुंगीने विचारले.

ताईंनी तिला ब्रश दिला आणि स्टूल जवळ सरकवले. मुंगीने एकेक पान उपसले, काडीने खडे उकरले, वरून तेल सोडले. ढब्बूने तेवढे तेल आपल्या शर्टालाही लावून घेतले. मग मुंगीने मूठ धरून ओढली आणि दार सरकत पार मागे गेले.

ती आत बघत उभी राहिली. बाबा तिला उचलायला पुढे झाले, तसे आईने त्यांचे मनगट धरले. मुंगी माझ्या उंबऱ्यावर टेकली. दोन्ही हातांनी तिने उजवा पाय उचलून आत घेतला, डावा आपोआप आला. मग सीटला धरून उठली, बसली आणि पट्टा लावला. इतकी वर्षे मी गठ्ठे वाहिले, पण असा जीव माझ्या पोटात कधी हरखला नव्हता.

"हिला कप ठेवायला जागा नाही," बाबा हळूच म्हणाले.

"कप तुम्ही हातात धरा," आई म्हणाली.

त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी आले. दोन खांबांच्या मध्ये मी मजेत मावते आणि बाबाही आता सरकत्या दारातूनच उतरतात. मित्रांनो, तुमच्या घरी गाडी घ्यायचे ठरले तर शोरूममध्ये तुम्हीही जा. तुम्हीच आत चढून, बसून, उतरून बघा. आणि एखादी जुनी वस्तू अडून बसली, तर ती बिघडली असे लगेच म्हणू नका. आधी तिची खाच साफ करून बघा.

आता शाळेला निघताना मुंगी पहिली चढते. ढब्बू मात्र अजून फार लहान आहे, त्याचे पाय तळापर्यंत पोचत नाहीत. बाबा त्याला उचलायला वाकतात, पण मुंगी त्यांना बाजूला व्हायला सांगते. मग ती आतून दोन्ही हात पुढे करते आणि आपल्या भावाला वर ओढून घेते.